पैठणात बसून सोरूश कसा वाचायचा, आमच्या चुकांसकट

अब्दोलकरीम सोरूश, म्हणजे धर्मावर विचार करणारा इराणी तत्त्वज्ञ, वाचू म्हणलं तेव्हा आमच्या ग्रुपात दोनच प्रश्न आले, एक म्हणजे हा कोण, अन् दुसरा म्हणजे आपल्याला काय करायचंय इराणशी, नाथसागरात पाणी किती आलं ते बघा आधी. दोन्ही प्रश्न बरोबरच. तरी आम्ही पाच जणांनी तो वाचला, आधी चुकीच्या टोकाकडून अन् मग बरोबर टोकाकडून, अन् आता आजूबाजूच्या गावांतून दोन-तीन जणांनी विचारलं की कसं केलं, तर प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पाच जण कोण ते आधी सांगतो कारण सगळं त्याच्यावरच आहे. एक रिटायर गुरुजी, ज्ञानेश्वरीची पारायणं केलेले. एक उर्दू शाळेतले मास्तर, त्यांना सगळं गाव मामू म्हणतं. एक मोसंबीवाले अण्णा, एक बीएस्सीवाली ताई, अन् मी. तुमच्याकडं उर्दू-फारसीची ओळख असलेला एक तरी माणूस असला पाहिजे, नसला तर आधी तो धरून आणा. मराठवाड्यात त्याला फार हिंडावं लागत नाही. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दरबारचं कामकाज फारसीतच चालायचं, अन् खुलताबादला आपण भद्रा मारुतीला जातो तिथंच जवळ अमीर हसन सिज्जी अन् आझाद बिलग्रामी असे फारसीत लिहिणारे दोन मोठे लोक पुरलेत, आपल्याला त्यांचा पत्ता नसतो एवढंच.

आता आमची चूक. मी उत्साहात नेटवरून एक मुलाखत काढली, त्याच्यात सोरूश पैगंबर अन् वही (लिहायची नव्हे, पैगंबराकडं आलेला ईश्वरी संदेश) याच्यावर बोललाय, म्हणजे त्याचं सगळ्यात वादाचं लिखाण. पहिल्याच संध्याकाळी ते वाचायला घेतलं, दहा मिनिटांत मामूंचा चेहरा उतरला, पंधराव्या मिनिटाला गुरुजी त्यांची समजूत काढायला गेले अन् ते आणखीनच वाढलं, चहा तसाच राहिला. पुढं दोन आठवडे कोणी आलंच नाही. चूक मामूंची नव्हती, माझी होती, कीर्तनाला जायचं अन् काल्यापासून सुरू करायचं असला प्रकार होता तो. म्हणून सांगतो, वहीवालं सगळ्यात शेवटी.

सुरुवात रूमीपासून करा, तेराव्या शतकातला फारसी सूफी कवी तो. याला कारण आहे. सोरूश लंडनला शिकायला गेला तेव्हा बॅगेत जी मोजकी पुस्तकं नेली त्यात मसनवी म्हणजे रूमीचं मोठं काव्य होतं, हाफिज कवीचा दीवान म्हणजे कवितासंग्रह होता, मुल्ला सद्रा या इराणी तत्त्वज्ञाचा ग्रंथ होता, असं तो स्वतःच सांगतो. त्याचं कुठलंही भाषण ऐका, अवघड मुद्दा आला की तो रूमीच्या ओळीवर टेकतो. अन् १९९० च्या दशकात त्यानं मसनवीची एक शुद्ध प्रत तयार करून छापली, कोन्यातल्या, म्हणजे तुर्कस्तानातल्या रूमीच्या गावातल्या, जुन्या हस्तलिखितावरून. हे हस्तलिखित हिजरी ६७७ चं, म्हणजे आपलं १२७८ साल, रूमी गेल्यावर पाचच वर्षांनी लिहिलेलं. नंतरच्या छापील मसनव्यांत लोकांनी मधेमधे आपल्या ओळी घुसवल्या होत्या, त्या बाजूला काढायच्या म्हणून हा उद्योग.

हे वाचलं अन् गुरुजी सरळ होऊन बसले. म्हणाले, अरे हे तर नाथांनी केलंय, अन् आपल्याच गावात. शके १५०६, म्हणजे १५८४, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठभेद झालेली पोथी शुद्ध केली अन् शेवटी बजावून ठेवलं की ‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ म्हणजे ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवतोय. मग ताईनं मोबाईलवर हिशोब केला, कोन्याचं हस्तलिखित १२७८, ज्ञानेश्वरी १२९०, मधे बारा वर्षं फक्त. त्या दिवसापासून गुरुजी त्याला सोरूशबुवा म्हणायलेत अन् मामू गालातल्या गालात हसायलेत. ग्रुप तिथं जमला.

तर पहिली बैठक: मसनवीच्या तिसऱ्या दफ्तरातली, म्हणजे भागातली, अंधारातल्या हत्तीची गोष्ट. आपल्याला आंधळे अन् हत्ती माहिती आहेत, पण रूमीकडं माणसं आंधळी नाहीत, खोली अंधारी आहे, अन् हत्ती दाखवायला आणलाय तो हिंदूंनी, तसं पहिल्याच शेरात आहे, अण्णांना ते लई आवडलं. कुणाचा हात सोंडेला लागतो त्याला पन्हळ वाटते, कुणाचा कानाला त्याला पंखा, पायाला लागला तो म्हणतो खांब, पाठीवर हात गेला तो म्हणतो तख्त. शेवटी रूमी म्हणतो, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती असती तर भांडण मिटलं असतं. इथं थांबून लोकांना विचारा की माणसं आंधळी असणं अन् खोली अंधारी असणं याच्यात फरक काय पडतो. आमच्याकडं एक तास ह्याच्यावरच गेला, सोरूशचं नावसुद्धा निघालं नाही, अन् तरी सगळा सोरूश तिथं येऊन गेला. वेळ उरला तर मामूंकडून हा एक शेर म्हणवून घ्या: ‘अज नजरगाह अस्त ऐ मग्ज-ए-वजूद, इख्तिलाफ-ए-मोमिन-ओ-गब्र-ओ-जुहूद’. मोमिन, पारशी अन् ज्यू यांच्यातला भेद हा कुठं उभं राहून बघता त्याचा आहे, असा अर्थ. सोरूशच्या धर्मांच्या अनेकतेवरच्या पुस्तकात हा शेर मधोमध बसलाय. त्या पुस्तकाचं नावच ‘सिरात-हा-ए-मुस्तकीम’, म्हणजे सरळ मार्ग, पण अनेकवचनात. रोजच्या नमाजात मागणं असतं ते एका सरळ मार्गाचं, त्याचं नुसतं अनेकवचन केलं अन् तेवढ्यावरून इराणात गहजब झाला.

दुसऱ्या बैठकीला माणसाची माहिती, पण एका संध्याकाळीच संपवा, चरित्रात रमलं की विचार राहून जातात. खरं नाव हुसैन हाज फरज दब्बाग, जन्म १६ डिसेंबर १९४५, तेहरान. सोरूश हे घेतलेलं नाव, जुन्या इराणी परंपरेत निरोप आणणारा फरिश्ता. शिक्षण बघा, फार्मसी तेहरानात, मग लंडनला अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री अन् त्याच्यानंतर चेल्सी कॉलेजात विज्ञानाचा इतिहास अन् तत्त्वज्ञान. म्हणजे हा मदरशातून आलेला माणूस नाही, लॅबमधून आलेला आहे, हे ताईनं लगेच पकडलं अन् पुढं तिचा सगळा इंटरेस्ट तिथूनच. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर तिथं भेटला, म्हणजे पुस्तकांतून. १९७९ ला क्रांती झाली अन् हा परत गेला.

आता इथून पुढचा भाग लोक गाळतात, तुम्ही गाळू नका. १९८० ला इराणातली विद्यापीठं बंद केली, सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली, अन् त्यासाठी क्रांतीचे नेते खोमेनींनी जी समिती नेमली तिच्यात सोरूश होता. किती प्राध्यापक गेले, किती पोरांचं शिक्षण तुटलं. टीकाकार आजही त्याला हे विचारतात, तो म्हणतो आमचं काम विद्यापीठं पुन्हा उघडायचं होतं, माणसं काढायचं नव्हतं, अन् १९८३ ला मी बाहेर पडलो. मला स्वतःला हे उत्तर पुरत नाही. गुरुजींचं म्हणणं वेगळं, त्यांच्या मते माणूस नंतर काय झाला ते बघायचं. मिटलं नाही ते, मिटवायची गरजही नाही, पण समोर ठेवा नक्की, नाहीतर आपण संतचरित्र वाचायलो असं होतं.

एक टेक्निकल गोष्ट, हिच्यात आम्ही अर्धा तास घालवला. इराणी पुस्तकांवर १३६७, १३७० असली सालं असतात, ती छपाईची चूक नाही. ते त्यांचं सौर वर्ष, त्यात ६२१ मिळवायचे, १३६७ म्हणजे १९८८. पण मसनवीच्या हस्तलिखितावरचं ६७७ हे चांद्र हिजरी, त्याला हा हिशोब लावला की चुकलं. अन् नेटवर शोधताना एस ओ आर ओ यू एस एच असं टाका, एस ओ आर यू एस एच असंही टाकून बघा, अन् मामूंना फारसी अक्षरांत टाकायला लावा, तिसऱ्या प्रकारानं जे निघतं ते पहिल्या दोन्हीच्या दसपट.

तिसरी बैठक म्हणजे मुख्य काम. १९८८ पासून ‘कयहान-ए-फरहंगी’ मासिकात सोरूशचे लेख येत गेले अन् मग त्याचं पुस्तक झालं, ‘कब्ज-ओ-बस्त-ए-तेओरीक-ए-शरीअत’. मी हे नाव मोठ्यानं वाचलं अन् अण्णा म्हणाले, कब्ज झालाय तर इसबगोल घ्या म्हणावं. हसून घ्या, सगळीकडं हसतातच, पण मग शब्द सोडवा, कारण शब्द सोडवला की सिद्धांत निम्मा सुटतो. कब्ज म्हणजे आखडणं, मुठीत धरणं, सातबाऱ्यावरचा कब्जेदार त्याच घरातला. बस्त म्हणजे पसरणं, उलगडणं, बुद्धिबळाची बिसात अंथरतात ती याच धातूची. अन् सावध, आपल्या बंदोबस्तातला बस्त हा नाही. तो फारसी, बांधलेला अशा अर्थाचा, हा अरबी, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात अन् अर्थ बरोबर उलटे. मी पहिल्या दिवशी शरीयतीचा बंदोबस्त असं भाषांतर करून ठेवलं होतं, मामूंनी कपाळाला हात लावला.

सिद्धांत थोडक्यात असा. धर्म वेगळा अन् धर्माबद्दलचं आपलं ज्ञान वेगळं. धर्म ईश्वराचा, पवित्र, न बदलणारा. ज्ञान मात्र माणसाचं, म्हणून चुकणारं, काळाबरोबर आखडणारं अन् पसरणारं. जसा निसर्ग एक अन् फिजिक्स दुसरं. अन् मुद्दा एवढ्यावर थांबत नाही, नाहीतर हे कुणीही म्हणेल. सोरूश पुढं म्हणतो की धर्माचं ज्ञान एकटं बसलेलं नसतं, त्या काळातलं बाकीचं ज्ञान म्हणजे विज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान हे हललं की तेही हलतं, मौलवीला पत्ता असो की नसो. ग्रंथ स्वतःहून बोलत नाही, आपण प्रश्न नेतो तसं उत्तर मिळतं, अन् प्रश्न आपण आपल्या काळातून नेतो.

हे समजवायला इराणातलं उदाहरण शोधत बसू नका, गीता घ्या. गीता एक, सातशे श्लोक. शंकराचार्यांना तिच्यात संन्यास दिसला, रामानुजांना भक्ती, ज्ञानदेव म्हणतात मी ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’ चाललोय अन् त्यांची वाट तरी वेगळीच निघते. अन् टिळक मंडालेच्या तुरुंगात बसून गीतारहस्य लिहितात, १९१५ ला छापतात, त्याच्यात युरोपातले तत्त्वज्ञ कांट, मिल, स्पेन्सर येतात अन् गीता कर्मयोग सांगायला लागते. कांट वाचलेला माणूस गीता वाचतो तेव्हा गीता वेगळी बोलते, यालाच सोरूश बस्त म्हणतो. गुरुजींना हे पटलं, पण त्यांनी लगेच विचारलं की मग टिळक चुकले का? इथंच नव्या वाचकाची गाडी घसरते. सोरूश असं म्हणत नाही की सगळेच बरोबर, ज्याचं त्याचं खरं. तो पॉपरच्या तालमीतला आहे, ज्ञान हे चारचौघांत तपासलं जातं, खोडलं जातं, सुधारतं. टिळकांची टीका टीका म्हणून तपासा, फक्त तिलाच गीता म्हणू नका.

ताईनं एक शंका काढली ती मी वहीत लिहून ठेवलीय. म्हणाली, काका, धर्म स्वतः कसाय ते आपल्याला कधीच थेट कळत नाही, जे कळतं ते ज्ञानच, असं असेल तर तो न बदलणारा आहे हे तरी सोरूशला कुठून कळलं? कोणालाच बोलता आलं नाही. माझ्या मते ही त्या सिद्धांतातली खरी फट आहे, तुमच्या बैठकीत कोणी काढली नाही तर तुम्ही काढा.

‘मारेफत’ हा शब्द सारखा येईल, मारेफत-ए-दीनी म्हणजे धर्माचं ज्ञान. आपण पाकिटावर अमक्याच्या मार्फत लिहितो ना, तोच शब्द, झिजून झिजून तिथं पोचलेला. धर्म आपल्याला कुणाच्या तरी मार्फतच मिळतो, असं अण्णा त्या दिवशी सहज बोलून गेले.

इंग्रजीतून वाचायचं असेल तर ऑक्सफर्डनं २००० ला काढलेलं ‘रीझन, फ्रीडम अँड डेमोक्रसी इन इस्लाम’ हे बरं, महमूद सदरी अन् अहमद सदरी यांनी भाषांतर केलेलं. पहिल्या प्रकरणात त्याची मुलाखत आहे, सोपी आहे, दुसऱ्यात वरचा सिद्धांत. सगळं पुस्तक सलग वाचू नका, दमून जाल. तीन संस्कृतींवरचा लेख मात्र चुकवू नका, इराणी माणसाच्या अंगात इराणी, इस्लामी अन् पाश्चात्त्य अशा तिन्ही आहेत अन् कुठलीही एक कापून टाकता येत नाही, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडच्या शहरांच्या जुन्या-नव्या नावांच्या चर्चेत हे आठवतं, पण तिकडं गाडी नेऊ नका, बैठक संपते.

चौथी बैठक सत्ता अन् पैसा. ‘फरबेतर अज ईदेओलोजी’, म्हणजे धर्म हा विचारसरणीपेक्षा लठ्ठ आहे, हे मला त्याचं सगळ्यात झकास शीर्षक वाटतं. अली शरियती या इराणी विचारवंतांनी धर्माला क्रांतीचं हत्यार केलं होतं, सोरूश म्हणतो हत्यार करायचं तर धर्म घासून बारीक करावा लागतो, अन् धर्म तेवढ्यात मावत नाही. दुसरं म्हणजे धर्मावर पोट भरू नये. ज्याचं पोट धर्मावर आहे तो धर्माबद्दल मोकळा विचार करू शकत नाही, हा १९९५ च्या आसपासचा लेख, याच्यावरून मोठे मोठे आयातुल्ला, म्हणजे वरच्या दर्जाचे शिया धर्मगुरू, चिडले. आमच्याकडं याच्यावरून कीर्तनकारांच्या बिदागीवर अशी काही जुंपली की मला दार लावून घ्यावं लागलं. गुरुजींचं म्हणणं, मग त्यानं प्रवासखर्च खिशातून करायचा का. मामू म्हणाले इमामाचा पगार किती असतो ते विचारा आधी. सोरूशचा मुद्दा पगारापेक्षा मोठा आहे, त्याच्यासमोर सगळं सरकारच मौलवींच्या हातात होतं, ते लक्षात आणून द्या अन् पुढं सरका.

बाकी या काळातलं भरभर: त्याच्या भाषणांत हल्ले झाले, शिकवणं बंद पडलं, ज्या ‘कियान’ मासिकाभोवती त्याचा गोतावळा होता ते २००१ ला बंद झालं, २००० पासून हार्वर्ड वगैरे, म्हणजे परदेशच. २००४ ला इरॅस्मस पुरस्कार, फातिमा मर्निसी अन् सादिक अल-अझ्म यांच्यासोबत. इराणातल्या २००९ च्या निवडणुकीनंतर तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनी यांना उघड पत्र. पुरस्कारांवर वेळ घालवू नका.

अन् मग शेवटची बैठक, ज्याच्यापासून मी मूर्खासारखी सुरुवात केली होती. इथं मामूंनाच बोलू द्या, म्हणजे तुमच्यातल्या मुसलमान माणसाला, त्याच्या धर्माची गोष्ट आहे ती, आपण मधे मधे करायचं नाही. सोरूशचं म्हणणं असं की वही उतरली ती पैगंबराच्या व्यक्तित्वातून, त्याच्या भाषेतून, काळातून, अनुभवातून. कुम या इराणातल्या धर्मशिक्षणाच्या शहरातले आयातुल्ला जाफर सुबहानी यांनी २००८ ला जाहीर पत्रं लिहून उत्तर दिलं अन् सोरूशनं उलट उत्तर दिलं त्याचं नाव पोपट अन् मधमाशी. पैगंबर म्हणजे सांगितलेलं म्हणून दाखवणारा पोपट नव्हे, मधमाशी आहे, रस फुलांतला अन् तरी मध तिचा. कुराणातच मधमाशीला वही केल्याचा उल्लेख आहे, सोळाव्या सूरेत म्हणजे अध्यायात, हे मामूंनी सांगितलं. त्यांना सोरूश पटला नाही, अजूनही पटत नाही. पण ते म्हणाले, हा माणूस बाहेरून दगड मारत नाहीये, घरातच बसून भांडायलाय. एवढं कळायला आम्हाला पाच बैठका लागल्या.

एक सूचना जोर देऊन. ‘इराणच्या तत्त्वज्ञाचा खळबळजनक खुलासा’ असले फॉरवर्ड येतात, त्याच्यात सोरूशचं अर्धं वाक्य अन् अर्धं पाठवणाऱ्याचं असतं, शेजाऱ्याला डिवचायला. असं काही ग्रुपवर आलं की विचारा, कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर. सापडलं नाही तर आमच्याकडं त्याला एकच उत्तर आहे, ‘नरोटी’ असं लिहायचं अन् सोडून द्यायचं. मी स्वतः दोनदा खाल्लीय नरोटी, रूमीचा म्हणून टाकलेला एक शेर त्याचा नव्हताच.

भाषा येत नसली तरी शेवटी त्याचं एखादं फारसी भाषण लावा, नेटवर ढीग आहेत, मसनवीवरचं निवडा. आवाज मऊ अन् ठाय लयीत आहे, प्रवचनकार असावा तसा. स्पीड थोडा कमी करा अन् प्रत्येकानं ओळखू येतील ते शब्द कागदावर टिपायचे. जमीन, दुनिया, अक्ल, आझाद, दोस्त, हजार, आवाज. ताईचे तेवीस झाले, अण्णांचे एकतीस, तेही आमच्यात सगळ्यात कमी शिकलेले असून, कारण त्यांचे वडील निजामाच्या वेळी पाटलाच्या हाताखाली वसुलीची कागदं सांभाळायचे अन् तसलेच शब्द घरात.

वेळेचं म्हणाल तर नाथषष्ठी उरकल्यावर सुरू करा, आधी कोणी मोकळं नसतं. अन् वार ठरवायच्या आधी लाईटीचं वेळापत्रक बघा. आमच्याकडं थ्री-फेज एक आठवडा दिवसाची अन् एक आठवडा रात्रीची असते, रात्रीची असली की अण्णा ऐन रंगात आलेली चर्चा टाकून मोटर चालू करायला उठतात, अन् जाताना दारातून ओरडतात, माझं व्हायचंय अजून, पुढं वाचू नका.